शेवटची ओळ आधी

अण्णाराव मुहर्रिर, म्हणजे तहसीलचे लेखनिक, सकाळी कचेरीत आले की पहिलं काम म्हणून चाळीस कोरे कागद पुढ्यात घेत आणि प्रत्येकाच्या तळाशी एकच ओळ लिहून ठेवत: 'पढ़कर सुनाया गया, सुनकर सही माना.' म्हणजे जबानी देणाऱ्याला त्याची जबानी वाचून दाखवली आणि त्यानं ती बरोबर असल्याचं कबूल केलं. जबानी देणारा तेव्हा आपल्या गावाहून निघालेलाही नसे. कधीकधी तर ज्या गुन्ह्याची जबानी द्यायची तो गुन्हाही व्हायचा असे. पण वाचून दाखवणं आणि कबूल करणं सकाळी साडेआठच्या आत उरकलेलं असे. वरचा मजकूर मग दिवसभरात सवडीनं भरायचा.

ह्यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. ही पद्धत त्यांना आधीच्या मुहर्रिरानं शिकवली होती, त्याला त्याच्या आधीच्यानं. उन्हाळ्यात हाताला घाम सुटायच्या आत अक्षर चांगलं येतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. एकोणीस वर्षांत त्यांनी एकही जबानी कुणाला वाचून दाखवली नव्हती आणि कुणी वाचा म्हटलंही नव्हतं. कागद उर्दूत, माणसं मराठीत आणि मधे अण्णाराव, असा सरकारचा गाडा सुरळीत चालला होता.

अण्णाराव भित्रे म्हणून साऱ्या तालुक्यात मशहूर होते, आणि हा लौकिक त्यांनी फुकट मिळवलेला नव्हता. ते पालीला भीत. विजेला भीत. साहेब खाकरला तर भीत, आणि खाकरला नाही तर जास्त भीत. 'नाही' हा शब्द ते फक्त घरी वापरत, तोही बायको माहेरी गेलेली असताना. त्यात ते हैदराबाद संस्थानातलं अठ्ठेचाळीस साल. भिणं हा आता कुणा एकाचा दुर्गुण उरला नव्हता, सगळ्या गावाचा जोडधंदा झाला होता. रझाकारांच्या तुकड्या भर बाजारातून कवायत करत जात. संस्थानाविरुद्ध लढणाऱ्या, सरहद्दीपलीकडच्या कॅम्पातली पोरं येऊन काहीतरी पेटवून जात. मग मधल्या मधे जे गाव सापडेल ते मार खाई.

वैशाखातल्या एका मंगळवारी तानुबाई ठाण्यात आली.

तिचा नवरा आश्रुबा चार दिवसांपासून तिथल्याच कोठडीत होता. तालुक्यापासून दीड कोसावर शेतकऱ्यांकडून सक्तीनं घेतलेल्या लेव्हीच्या धान्याचं सरकारी कोठार होतं. ते गुरुवारी दिवेलागणीला जळालं. तीनशे पोती ज्वारी जळाल्याचं कागदावर आलं. राख मात्र दोन टोपली निघाली. ज्वारीला आग लागायच्या आधीच पाय कसे फुटले, हे ज्यांना माहीत होतं ते बोलत नव्हते, आणि ज्यांना माहीत नव्हतं असं कुणी गावात नव्हतं. येत्या शुक्रवारी वरून मोठे साहेब चौकशीला येणार होते. त्यांच्यापुढं कुणीतरी जाळणारा उभा करणं भाग होतं. आश्रुबाचं शेत कोठाराला लागून होतं. उन्हाळ्याच्या दिवसांत एवढा पुरावा पुष्कळ झाला.

ठाण्याचे मालक अमीनसाहेब, म्हणजे फौजदार. त्यांनी तानुबाईला एकच सांगितलं होतं: "अंगठा दे, नवरा घेऊन जा." त्यामुळं ती अंगठा द्यायला इतक्या घाईनं आली होती, की चप्पल घालायचीही विसरली होती.

अण्णाराव भिंतीला टेकून मांडीवर पाट घेऊन बसले. तानुबाई त्यांच्या समोर उकिडवी बसली. अमीनसाहेब खुर्चीवर.

"लिव्हा अण्णा," तानुबाई म्हणाली. "पहिलं हे लिव्हा की त्येंच्या उजव्या पायातून नारू निघायलाय. चार बोटं भायेर आलाय, काडीला गुंडाळून ठिवलाय. रोज जरा जरा वडावा लागतो. जोरात वडला की तुटतो, आन तुटला की पाय सडतो. रोज सकाळी मीच गुंडाळायले. आता चार रोज झालं, कोन गुंडाळायलंय?"

तिच्या डोक्यावरून अमीनसाहेब सांगत होते, "लिखो मुंशी. मेरा शौहर आश्रुबा उस शाम अंधेरा होते ही दौड़ता हुआ घर आया."

"म्हैना झाला, त्यो उंबऱ्याभायेर गेला न्हाई. परसाकडं बी म्या धरून न्ह्यायले."

"हाथ-पाँव में घासलेट की बू थी."

"लय कळ यायली त्याला. रडतो वो, येवढा बाप्या गडी."

"मैंने पूछा तो बोला, सरकार का कोठार जला के आया हूँ."

अण्णारावांची लेखणी चालली होती. तानुबाई मधूनमधून थांबत होती. तिला वाटत होतं आपलंच बोलणं कागदावर उतरतंय, आणि कारकुनाची लेखणी मागं पडू नये.

कागद भरला. तळाशी ओळ आधीचीच होती.

"लिव्हलं?" तिनं विचारलं.

"लिहिलं."

"नारूचं?"

अण्णारावांनी मान हलवली. होकारार्थी हलली. तिला दुसरीकडं हलायची सवय नव्हती.

"देव तुमचं भलं करंल अण्णा," असं म्हणून तानुबाईनं पदरातल्या चार कैऱ्या त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यातल्या दोन अमीनसाहेबांनी उचलल्या.

आता दुपारी तीन वाजता तहसीलदारसाहेबांपुढं पेशी. तिथं तानुबाईचा अंगठा उठायचा, वर साहेबांची सही व्हायची, आणि तो कागद आश्रुबासकट वरच्या अदालतीत जायचा. बायकोनंच नवऱ्याविरुद्ध दिलेली जबानी. त्यानंतर वकिलाचंही काही काम उरत नाही. मागल्या महिन्यात असे दोघं वर गेले होते. पंधरा दिवसांनी त्यांची धोतरं परत आली.

अकरा वाजले होते. बगलेत जबान्यांचा गठ्ठा धरून अण्णाराव ठाण्याबाहेर पडले, आणि त्यांच्या पोटात मुरडा आला.

हे असं का व्हावं ते त्यांनाही कळेना. याहून वाईट कागद त्यांनी लिहिले होते आणि दुपारी जेवून वर झोपलेही होते. पण आजवर कुणी त्यांना "लिव्हलं?" असं विचारलं नव्हतं.

भित्र्या माणसाला अशा वेळी एकच सुचतं. हे काम दुसऱ्या कुणावर ढकलता येईल का? अण्णाराव सरळ दिनकरराव वकिलांच्या ओसरीवर गेले. वकील पानाला चुना लावत होते. अण्णारावांनी सगळं सांगितलं. सांगताना तीनदा मागं वळून पाहिलं.

"ह्यात अडचण काहीच नाही," वकील म्हणाले. "जबानी वाचून दाखवलीच पाहिजे, असा कायदाच आहे. न वाचणं हा गुन्हा, वाचणं नव्हे."

"मग तुम्ही पेशीला उभं राहता का? एवढंच म्हणायचं, की बाईला वाचून दाखवा."

वकिलांनी पान तोंडात सारलं आणि बराच वेळ चावलं.

"मी परभणीला निघालोय. बैलं जुंपायलेत."

अण्णारावांनी अंगणात पाहिलं. तिथं बैल नव्हते. गाडीही नव्हती. एक कोंबडी होती.

"वकीलसाहेब, तुम्हाला कायदा ठाऊक आहे..."

"म्हणून तर अण्णाराव, म्हणून तर! तुम्हाला नुसतीच भीती वाटते. मला ती कलमवार वाटते."

घरी बायको, चन्नबसम्मा, वाट पाहत होती. अण्णाराव हातपाय धुऊन पूजेला बसले. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि पूजा निम्म्यातच आटोपली. जेवायला बसले तर भाकरीचा एकच तुकडा मोडत राहिले. चन्नबसम्मानं पाहिलं. मग त्यांनीच सांगितलं.

"गप बसा," ती म्हणाली. "आपल्याला दोन पोरी हायत. मागल्या आठवड्यात त्या मास्तराला उचलून न्हेलं, त्यानं काय केलं व्हतं? नुसतं गानं म्हनलं व्हतं पोरांकडून."

"मी कुठं काय करतोय? मी फक्त सांगतोय."

"नगा सांगू."

ती चुलीकडं वळली. थोड्या वेळानं तिकडं तोंड ठेवूनच म्हणाली, "नारू हाय म्हनता पायात?"

"हो."

"माज्या बापाला निघाला व्हता. तुटला आत. गुडघ्यापासून पाय काळा पडला. सा म्हैने आमी त्याचं वरडनं आयकलं, आन मग यक दिवस आयकू आलं न्हाई."

अण्णारावांनी भाकरी तशीच ताटात ठेवली आणि ते उठले.

"मी आजारी पडतो," ते एकदम म्हणाले. "पेशीला जातच नाही. पोट तर खरंच बिघडलंय."

"मग कागद ऱ्हाईल का तसाच?"

राहणार नव्हता. दुसरा कारकून गठ्ठा घेऊन उभा राहील, साहेब "सुनाया?" म्हणतील, आणि तो "जी हुज़ूर" म्हणेल. आजारी पडणं म्हणजे घरी अंथरुणावर पडून "जी हुज़ूर" म्हणणं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांना प्रथमच कळत होतं की लपायला म्हणून जी जागा बघावी तिथं आधीच आपली सही आहे.

ते टोपी घालून ओट्यावर आले, तेव्हा आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. चन्नबसम्मा पोरींची लुगडी-परकर गाठोड्यात भरत होती.

"हे काय?"

"पोरींना घिऊन ताडकळसला भावाकडं जाते. सांज व्हायच्या आत पोचते."

"अगं, पण मी अजून काही ठरवलेलं नाही."

"तुमी कव्हा काय ठरीवलंय?" ती गाठ आवळत म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज चिडका होता. "वीस वर्सं झाली, आज पहिल्यांदा तुमी ताटात भाकर ठिवून उठलात. जा आता. काय करायचं ते करा, पर मला नगा सांगू. मला सांगितलं तर मी आडवी पडंल दारात."

अण्णाराव निघाले. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. कचेरीत पोचल्यावर त्यांनी एक शेवटचा उपाय करून पाहिला. कागदावर दौत सांडायची. जबानी खराब झाली की पुन्हा लिहावी लागेल, आणि पुन्हा लिहायची तर उद्यावर जाईल. उद्याचं उद्या. त्यांनी तानुबाईचा कागद उघडा ठेवला, इकडंतिकडं पाहिलं आणि उजव्या हाताच्या कोपरानं दौतीला धक्का दिला. दौत कलंडली, आणि त्यांच्याच डाव्या हातानं ती वरच्या वर झेलली. एक थेंब सांडला नाही. त्या हातानं एकोणीस वर्षं सरकारी कागद जपले होते. त्याला ह्या कटात कुणी घेतलंच नव्हतं.

तीन वाजले. तहसीलदारसाहेब नमाज आटोपून येऊन बसले. साहेब मूळचे हैदराबादचे, दमेकरी, आठ महिन्यांनी नोकरीतून मोकळे होणारे. हे आठ महिने आपल्या टेबलावर काहीही घडू नये, एवढीच त्यांची अल्लाकडं मागणी होती. ते कागदांवरून मान वर न करता सह्या करत, कारण मान वर केली की काहीतरी दिसतं. बाजूला चाँदमियाँ चपराशी एका हातानं पंख्याची दोरी ओढत होता. दुसऱ्या हातात अंगठ्याच्या शाईची गादी होती. बाहेर व्हरांड्यात पंधरावीस माणसं आपापल्या कागदाची वाट पाहत दाटीवाटीनं बसली होती. अमीनसाहेब दाराच्या चौकटीला खांदा लावून उभे होते आणि कैरी खात होते.

"तानुबाई ज़ौजे आश्रुबा!" चाँदमियाँनं पुकारा केला.

ती आत आली. अण्णारावांकडं पाहून ओळखीचं हसली. चाँदमियाँनं दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवली आणि तिचा अंगठा धरून गादीवर दाबला. अण्णारावांनी कागद टेबलावर ठेवला.

"सुनाया?" साहेबांनी मान खाली ठेवून विचारलं.

अण्णारावांचं तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर पडलं, "जी हुज़ूर."

झालं. सकाळपासून पोटात जी काही उलघाल चालली होती तिचा काडीचा उपयोग झाला नाही. जीभ आपल्या कामावर वेळेवर हजर होती. साहेबांनी टाक दौतीत बुडवला. चाँदमियाँनं तानुबाईचा हात कागदाकडं नेला. काळा ओला अंगठा खाली खाली येत होता. त्या अंगठ्याच्या आणि कागदाच्या मधे आता वीतभर अंतर होतं, मग चार बोटं.

अण्णारावांनी कागदावर आपला पंजा पालथा ठेवला.

अंगठा त्यांच्या हातावर उठला.

चाँदमियाँनं पंख्याची दोरी सोडली. साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. समोर आपला मुहर्रिर उभा आहे, त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्यात आणि त्याच्या पालथ्या पंजावर काळा अंगठा उठलाय, एवढं त्यांना दिसलं.

"क्या हुआ अण्णाराव?"

"नहीं सुनाया, हुज़ूर."

"अभी तो जी बोले तुम."

"आदत से बोला, हुज़ूर."

दारातून अमीनसाहेब फार मऊ आवाजात म्हणाले, "मुंशी की तबियत ठीक नहीं है हुज़ूर. सुबह से देख रहा हूँ. चलो मुंशी, बाहर हवा में चलो."

तो मऊ आवाज ऐकून अण्णारावांना लघवीची भावना झाली. बाहेरच्या हवेत काय असतं ते त्यांना माहीत होतं. आता कागदावरून हात काढला तर बाहेर जावं लागेल. म्हणून त्यांनी हात काढला नाही. शौर्य वगैरे काही नव्हतं. जिथं उभे होते तिथून हलण्याची त्यांना जास्त भीती वाटली.

साहेबांनी एकदा अमीनाकडं पाहिलं, एकदा व्हरांड्याकडं. व्हरांड्यातली पंधरावीस तोंडं खिडकीच्या गजांना लागली होती. "नहीं सुनाया" हे त्या सगळ्यांनी ऐकलं होतं. साहेबांना आठ महिने दिसले. वाचून न दाखवलेल्या कागदावर वीस माणसांदेखत सही करणं, हेही टेबलावर काहीतरी घडणंच होतं.

"तो सुनाओ," ते त्रासून म्हणाले. "उसकी ज़बान में सुनाओ और छुट्टी करो."

अण्णारावांनी कागद उचलला. मग ते मराठीत सांगू लागले, सपाट आवाजात, बाजारात दवंडी देणाऱ्यासारखे. "माझा नवरा आश्रुबा त्या दिवशी अंधार पडताच पळत पळत घरी आला. त्याच्या हातापायांना घासलेटचा वास येत होता. मी विचारलं, तर म्हणाला, सरकारचं कोठार जाळून आलो..."

तानुबाई लक्ष देऊन ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, "ह्यो कुठला आश्रुबा वो, अण्णा?"

अण्णारावांनी बोट त्याच ओळीवर ठेवलं.

"आमच्या गावात तर दुसरा आश्रुबा न्हाई." ती कागदाकडं पाहत होती. मग अण्णारावांकडं. "हे मी म्हनले?"

"असं लिहिलंय."

"कोनी लिव्हलं?"

अण्णारावांनी अमीनसाहेबांकडं बोट दाखवायला हवं होतं. तेवढं धैर्य त्यांच्यात नव्हतं. शिवाय ते पुरतं खरंही नव्हतं.

"मी," ते म्हणाले.

तानुबाईच्या तोंडून आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता, ओरडण्याचाही नव्हता. चुलीवर उतू गेलेलं काही निखाऱ्यावर पडावं तसा होता. "आवो, तुमाला म्हनले नारू हाय! त्याला हुबं ऱ्हाता येईना, त्यो पळत कुठून आला? मुंडी हालवली तुमी! कैऱ्या दिल्या मी तुमाला!" तिनं काळा अंगठा लुगड्याला पुसला, पुन्हा पुसला, तो निघेना तसा दातांनी खरवडला.

"क्या बोल रही है?" साहेबांनी विचारलं.

अण्णारावांनी सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. कैऱ्यांचाही नाही. अमीनसाहेबांनी हातातली कोय खिडकीतून टाकली.

"ये नारू क्या बला है?" साहेबांना हैदराबादेत आडाचं नाही, नळाचं पाणी मिळालेलं.

तेवढ्यात चाँदमियाँनं शाईची गादी खाली ठेवली, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि आपली पोटरी साहेबांच्या टेबलाजवळ आणली. तीवर रुपयाएवढा पांढरा खड्डा होता. "ये, हुज़ूर. बावड़ी के पानी का कीड़ा. सुतली के माफ़िक निकलता. मेरेकू निकला था तो चालीस दिन पाँव ज़मीन पे नहीं रखा. दौड़ने की बात तो..." तिथं त्याची नजर अमीनसाहेबांच्या नजरेला भिडली आणि वाक्य तसंच राहिलं. पायजमाही तसाच राहिला.

साहेबांनी तो खड्डा वाकून पाहिला. मग म्हणाले, "मुलज़िम को हाज़िर करो."

"अभी?" अमीनसाहेब म्हणाले. "अभी मुश्किल है, हुज़ूर."

"ठाणा तो सामने है. सौ क़दम."

"जी हाँ, मगर वो चल नहीं सकता."

हे बोलून झाल्यावर अमीनसाहेबांना आपण काय बोललो ते कळलं. सगळ्यांना कळलं. व्हरांड्यात कुणीतरी हसू दाबलं आणि ते शिंकेसारखं फुटलं.

"चल नहीं सकता," साहेबांनी हळूच म्हणून पाहिलं. त्यांचा दमा सुरू झाला. खोकून झाल्यावर त्यांनी टाक उचलला आणि कागदावर एक तिरकी रेघ ओढली, वरपासून तळापर्यंत. तळाच्या ओळीवरूनही. "खाट पे लाओ. और नया काग़ज़ लो, अण्णाराव. जो बोलेगी वो लिखो."

आश्रुबाला खाटेवर आणलं. उजवा पाय मांडीपर्यंत सुजून चकाकत होता. काडी नव्हती. नारू कधी तुटला ते सांगायच्या अवस्थेत तो नव्हता. त्याचे डोळे उघडे होते एवढंच. तानुबाईनं पाय पाहिला आणि पदरानं त्यावरच्या माशा वारल्या. साहेबांनी त्याला परभणीच्या दवाखान्यात नेण्याचा हुकूम लिहिला. गावातली एक गाडी मिळाली, तीत खाट चढवली. तानुबाई खाटेचा माचा धरून चालत निघाली. पाय वाचेल, न वाचेल. गळा तेवढा आज मोकळा राहिला होता. जाताना तिनं अण्णारावांकडं पाहिलं नाही.

अमीनसाहेब पायरीशी जाऊन उभे राहिले. आता त्यांच्याबरोबर खाकी कपड्यांतले, खांद्याला बंदुका लावलेले दोघं रझाकार होते. तिघंही दाराकडं पाहत होते.

"अगला काग़ज़," साहेब खिडकीबाहेर न पाहता म्हणाले.

पुढला कागद कडूबाईचा होता. शेजाऱ्याच्या बकऱ्यांची क्षुल्लक साक्ष. अण्णाराव तो टेबलावर ठेवणार, एवढ्यात म्हातारी म्हणाली, "वाचा."

त्यांनी वाचला. बरोबर होता. तिनं अंगठा दिला. त्याच्या पुढचा म्हणाला, "माजाबी वाचा." त्याच्या पुढचाही म्हणाला. अण्णाराव वाचत राहिले. दोघातिघांच्या कागदांत भलतंच निघालं, ते पुन्हा लिहावं लागलं. त्यांना घाई नव्हतीच. जोवर वाचतोय तोवर आत आहोत, कागद संपले की पायरी. बांधाच्या भांडणाचा कागद त्यांनी दोनदा वाचला. तरी सूर्य कलायच्या वेळेला गठ्ठा संपला. साहेब उठले. जाताना त्यांनी अण्णारावांच्या खांद्याला हात लावायला हात उचलला, पायरीकडं पाहिलं आणि तोच हात दाढीवरून फिरवला.

अण्णाराव उंबऱ्याशी आले आणि थांबले. व्हरांड्यातलं कुणी गेलेलं नव्हतं. ज्यांची कामं दुपारीच झाली होती तेही तिथंच तंबाखू मळत बसले होते.

"कुनीकडं निघालात?" कडूबाईनं विचारलं.

"ताडकळसला," अण्णाराव म्हणाले. "बायको गेलीय तिकडं."

"मला बी तिकडंच जायचंय," कडूबाई म्हणाली. तिचं गाव पाथरीच्या अंगाला, अगदी उलट दिशेला होतं.

"मलाबी," एक जण म्हणाला. मग आणखी एक. सतरा माणसांना एकाएकी ताडकळसला जायचं निघालं. कुणी कुणाकडं पाहिलं नाही. सगळे पायऱ्या उतरले, अण्णारावांना मधे घेऊन, आणि अमीनसाहेबांसमोरून माना खाली घालून गेले. घोळक्यातला एक जण इतका घाबरला होता की त्यानं जाता जाता अमीनसाहेबांना रामराम केला.

गाव मागं पडलं. मागून बुटांचा आवाज येत होता. फार जवळ नाही, फार लांबही नाही. पळावंसं प्रत्येकाला वाटत होतं. पण पहिल्यांदा कुणी पळायचं, ते ठरत नव्हतं.

कडूबाई अण्णारावांच्या सदऱ्याची बाही धरून चालत होती. तिला संध्याकाळी नीट दिसत नसे.

"अण्णा."

"काय?"

"माज्या भुजंगाच्या येळंला बी तुमीच व्हतात न्हवं? पारसाल. मी अंगठा दिला व्हता. अमीन म्हनला व्हता, दे, सोडतो. मग त्यो सात वर्सं आत गेला." ती थोडं चालली. "त्या कागदात काय व्हतं?"

बूट मागं होतेच, पण अण्णारावांना त्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला. तो कागद त्यांना आठवत होता. अक्षर चांगलं आलं होतं त्या दिवशी. दुपारी तीन वाजल्यापासून ते भीतच होते, पण इतके नाही. आताही मान हलवता आली असती. आठवत नाही म्हणता आलं असतं. कडूबाईला काय कळणार होतं, आणि त्या बाहीवरच्या हाताशिवाय त्यांच्याजवळ दुसरं होतं काय?

"सांगतो," ते म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं, पहिल्या ओळीपासून, मधलं काही न गाळता. आजूबाजूची माणसं ऐकत होती. सांगून होईस्तोवर ओढा आला. ओढ्याला पाणी नव्हतं, नुसती वाळू होती, आणि त्या वाळूत सगळ्यांच्या पावलांचा आवाज बंद झाला.

कडूबाईनं बाही सोडली. चालायची मात्र ती थांबली नाही. वाळूत हात पुढं करून, चाचपडत, ताडकळसच्याच वाटेनं, अण्णारावांच्या एक पाऊल पुढं चालत राहिली.